सोलापूर वाढले की सोलापूरची हद्द वाढली?

बारावीच्या भूगोलातील लोकसंख्येचे प्रकरण सुरू करताना मी पहिल्या तासाला फळ्यावर तीनच आकडे लिहिते. १९९१ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती, २००१ मध्ये ती सुमारे ८ लाख ७२ हजार झाली आणि २०११ मध्ये साडेनऊ लाखांच्या किंचित पुढे गेली. म्हणजे पहिल्या दशकात अडीच लाखांहून अधिक भर पडली आणि दुसऱ्या दशकात जेमतेम ऐंशी हजारांची. असे का झाले असेल, असे विचारले की वर्गातून बहुधा एकच उत्तर येते: आधी खेड्यांतून लोक कामधंद्यासाठी शहरात येत होते, मग गिरण्या बंद पडल्या आणि येणे थांबले. उत्तर ऐकायला पटते, पण मुख्य कारण ते नाही. १९९२ मध्ये महापालिकेची हद्दवाढ झाली आणि बाळे, शेळगी, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी आसपासची गावे शहरात आली. तिथली माणसे रात्री आपल्याच घरी झोपली आणि सकाळी शहरवासी म्हणून उठली. आजही पत्ता सांगताना सोलापूरकर ‘हद्दवाढ भागात राहतो’ असे म्हणतात. १९९१ आणि २००१ च्या आकड्यांतील फरकाचा मोठा हिस्सा त्या दोन शब्दांत आहे.

एखाद्या शहराची लोकसंख्या तीनच वाटांनी बदलते. जन्म आणि मृत्यू यांतील फरकामुळे होते ती नैसर्गिक वाढ, येणारे आणि जाणारे यांतील फरकामुळे होतो तो स्थलांतराचा परिणाम, आणि तिसरी वाट म्हणजे हद्द बदलणे. हद्द तीच राहिली असेल तर हिशेब सोपा होतो. वर्षाच्या सुरुवातीला कणगीत ज्वारी किती होती, नंतर किती भरली आणि दळणाला किती काढली हे माहीत असेल, तर शेवटी जी तूट दिसते ती कोणीतरी उचलून नेली असे समजायचे. लोकसंख्याशास्त्रातही नेमके हेच करतात. जन्म-मृत्यूचा हिशेब मांडायचा, त्यानुसार जेवढी वाढ व्हायला हवी होती ती प्रत्यक्ष वाढीशी ताडून पाहायची आणि उरलेला फरक स्थलांतराच्या खात्यावर टाकायचा.

हा हिशेब आपल्याच जिल्ह्यावर करून पाहू. २००१ ते २०११ या काळात महाराष्ट्रात दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला सरासरी अठरा-एकोणीस जन्म आणि साडेसहा-सात मृत्यू होत होते. म्हणजे वर्षाला हजारी बाराच्या आसपास निव्वळ भर, आणि दहा वर्षांत साडेबारा टक्क्यांच्या आसपास वाढ. प्रत्यक्षात राज्याची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली, कारण बाहेरच्या राज्यांतून मोठ्या संख्येने लोक इथे आले. सोलापूर जिल्हा ३८ लाख ४९ हजारांवरून ४३ लाख १७ हजारांवर गेला, म्हणजे १२.१६ टक्के वाढ. जन्म-मृत्यूने जेवढे वाढायचे साधारण तेवढेच. शहर मात्र नऊ टक्क्यांच्या आसपासच वाढले. राज्याचे सरासरी दर शहराला तंतोतंत लागू होतात असे नाही, त्यामुळे यातून निघणारा आकडा दशांशापर्यंत खरा मानू नये, पण दिशा स्पष्ट आहे. त्या दहा वर्षांत सोलापूर शहरात जितकी माणसे आली त्यांहून अधिक बाहेर गेली. शहर म्हटले की तिथे लोक येतातच, ही समजूत वर्गात इतकी पक्की असते की हा हिशेब मी मुलांकडून दोनदा करून घेते.

किती गेले हे कळले, तरी कोण गेले हे एकूण आकड्यातून कळत नाही. त्यासाठी लोकसंख्येची रचना पाहावी लागते आणि तिचे सर्वांत उपयुक्त चित्र म्हणजे वय-लिंग मनोरा. यात मधोमध एक उभी रेघ असते, डावीकडे पुरुष आणि उजवीकडे स्त्रिया. तळाशी ० ते ४ वयोगटाची आडवी पट्टी, तिच्यावर ५ ते ९ ची, आणि असे पाच-पाच वर्षांचे थर चढत जातात. जन्मदर जास्त असलेल्या समाजात तळ रुंद असतो आणि शेंडा निमुळता होत जातो, म्हणून त्याला विस्तारणारा मनोरा म्हणतात. जन्म कमी होऊ लागले की तळ आत ओढला जातो. महाराष्ट्रात हे केव्हाच सुरू झाले आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत, आणि एका पिढीची जागा दुसऱ्या पिढीने पुरती भरून काढण्यासाठी साधारण २.१ लागतात.

पाठ्यपुस्तकातील मनोरे गुळगुळीत असतात. खरे मनोरे खाचाखोचांचे असतात, आणि माझ्या मते खरा भूगोल त्या खाचांतच असतो. मनोऱ्यातील प्रत्येक थर म्हणजे एका ठरावीक काळात जन्मलेल्या माणसांचा गट. तो दर पाच वर्षांनी एक पायरी वर चढतो आणि आपली जुनी जखम सोबत घेऊनच चढतो. एखाद्या वर्षी दुष्काळाने जन्म घटले किंवा तान्ही बाळे दगावली, तर तो थर जन्मभर अरुंद राहतो. स्थलांतराची खाच वेगळी ओळखू येते. ती तळाशी नसून मधल्या थरांत, साधारण वीस ते पस्तीसच्या दरम्यान असते, आणि सोबतची दुसऱ्या गावची फुगवटी पाहिल्याशिवाय तिचा अर्थ पुरा होत नाही. सोलापुरातील कमी झालेली पट्टी पुण्याच्या मनोऱ्यात त्याच वयाला बाहेर आलेली दिसते.

वयाबद्दल एक गंमत सांगायला हवी. घरातील वृद्ध स्त्रीला वय विचारले की पुष्कळदा उत्तर येते, ‘बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते, थोरला तेव्हा काखेत होता.’ त्यावरून जनगणनेच्या प्रगणकाने वय काढायचे असते. ज्यांना नेमके वय माहीत नसते ते साठ, पासष्ट, सत्तर असा गोळाबेरीज आकडा सांगतात. म्हणून एकेका वर्षाचे वय मांडले तर भारतातील जनगणनेत शून्य आणि पाचने संपणाऱ्या वयांवर उंच सुळके उभे राहतात आणि एकसष्ट-बासष्टला खड्डे पडतात. पाच-पाच वर्षांचे गट करण्यामागे सोय आहेच, पण ही चूक थोडी झाकली जावी हाही हेतू असतो.

मनोऱ्यातून निघणारे दुसरे माप म्हणजे अवलंबित्वाचे गुणोत्तर. २०११ मध्ये भारतात १५ वर्षांखालील सुमारे ३१ टक्के, १५ ते ५९ वयाचे ६० टक्के आणि साठीपुढचे साडेआठ टक्के होते, म्हणजे कमावत्या वयाच्या दर १०० जणांमागे ६५ अवलंबित. आता समजा एका गल्लीत १०० माणसे आहेत, त्यांपैकी ६० कमावत्या वयाची आणि ४० मुले व वृद्ध. गुणोत्तर ६७ भरले. त्या ६० पैकी १२ जण पुण्याला गेले. गल्लीत कोणी जन्मले नाही, कोणी मेले नाही, तरी गुणोत्तर ८३ झाले. गेलेली मुले महिन्याला मोबाइलवरून पैसे पाठवतात, त्यामुळे घराची चूल अधिकच चांगली पेटत असेल, परंतु रात्री आजोबांना दवाखान्यात न्यायला कोण आहे, या प्रश्नाचे उत्तर तो ८३ चा आकडा देतो.

लिंग-गुणोत्तराकडे वळू. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, हे ते माप. २०११ मध्ये महाराष्ट्राचे ९२९ होते आणि सोलापूर जिल्ह्याचे ९३८. त्याच वेळी रत्नागिरीचे ११०० च्या वर होते आणि मुंबई शहर जिल्ह्याचे ८३२. रत्नागिरीत मुलींना अधिक मान आहे म्हणून तिथे स्त्रिया जास्त, असे उत्तरपत्रिकेत लिहिलेले मी वाचले आहे. कोकणातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात राहिले, त्यामुळे तिथल्या स्त्रियांचे प्रमाण वर गेले आणि मुंबईतील खाली आले. दोन्ही आकडे एकाच प्रवासाची दोन टोके आहेत. त्या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या तर प्रत्यक्ष घटली. म्हणून समाजाची वृत्ती तपासायची असेल तर ० ते ६ वयोगटातील मुलांचे गुणोत्तर पाहावे, कारण तेवढी मुले नोकरीसाठी गाव सोडत नाहीत. नैसर्गिकरीत्या शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली असायला हव्यात. महाराष्ट्रात २००१ मध्ये त्या ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४, आणि मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात ८०७. या तुटीचे खापर स्थलांतरावर फोडता येत नाही.

आता स्थलांतर म्हणजे नेमके काय, हे ठरवायला हवे, कारण प्रत्येक प्रवास म्हणजे स्थलांतर नव्हे. आषाढीला पंढरपुरात लाखो लोक येतात आणि परत जातात. ते स्थलांतर नाही. मोहोळहून किंवा अक्कलकोटहून रोज सोलापूरला अप-डाऊन करणारा कारकूनही स्थलांतरित नाही. राहण्याचे नेहमीचे ठिकाण बदलले तरच ते स्थलांतर. या व्याख्येने मोजले तर २०११ मध्ये भारतात सुमारे ४५ कोटी लोक, म्हणजे शंभरात सदतीसच्या आसपास, स्थलांतरित होते. त्यांतील दर तिघांपैकी दोन स्त्रिया होत्या आणि सर्वांत मोठे कारण लग्न हे होते. ‘स्थलांतरित’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे पेटी-वळकटी घेतलेला पुरुष येतो, पण आकडेवारीत सासरी निघालेली मुलगी त्याच्या कितीतरी पुढे आहे. इंग्लंडमधील जनगणनेचा अभ्यास करून अर्न्स्ट रेव्हेन्स्टाइन यांनी १८८५ मध्ये स्थलांतराचे जे नियम मांडले, त्यांतही बहुतेक स्थलांतर जवळच्या अंतराचे असते आणि जवळच्या अंतरावर स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक हलतात, असे म्हटले होते. प्रत्येक प्रवाहासोबत एक उलटा प्रवाहही असतो, हे त्यांचेच निरीक्षण. ते स्वतः जर्मनीत जन्मून लंडनमध्ये स्थायिक झालेले होते.

लोक का जातात, याची उत्तरे ढकलणारी कारणे आणि ओढणारी कारणे अशा दोन रकान्यांत पाठ करून घेतली जातात. एका रकान्यात दुष्काळ, बेकारी. दुसऱ्यात शिक्षण, नोकरी. एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये ही मांडणी केली तेव्हा त्या दोन्हींच्या मध्ये येणारे अडथळे आणि माणसाची स्वतःची परिस्थिती यांनाही तेवढेच वजन दिले होते. शिकवताना मात्र हे दोन घटक गळून जातात. सोलापूरचाच इतिहास घेतला तर चारही घटक समोर येतात. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन पिळून काढला, इतका की १८८१ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ पेक्षा कमी भरली. त्याच सुमारास, १८७७ मध्ये, पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली सूतगिरणी सुरू झाली आणि तिच्या मागोमाग आणखी गिरण्या आल्या. निजामाच्या राज्यातील तेलंगण भागात विणकरांचे कापड गिरणीच्या कापडापुढे टिकेनासे झाले होते. तिथे काम नाही, इथे सूत आहे, आणि मधला अडथळा रेल्वेने कमी केलेला. हाताला कसब असल्यामुळे पद्मशाली विणकरांना इथे पाय रोवता आले. नुसती भूक असती तर त्यांच्यातून इथली कारखानदार घराणी कधीच उभी राहिली नसती.

पहिला माणूस आला की दुसऱ्याचा प्रवास सोपा होतो, कारण उतरायला घर असते, काम दाखवणारे कोणी असते आणि भाषा समजणारे शेजारी असतात. याला साखळी स्थलांतर म्हणतात, आणि या विणकरांची वस्ती असलेला सोलापूरचा ‘पूर्व भाग’ हे त्याचे जिवंत उदाहरण आहे. मागाचा खडखडाट, उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, घरात तेलुगू, दुकानात मराठी. तेंदूचे पान कात्रीने मापात कापायचे, त्यात चिमूटभर तंबाखू भरायची, गुंडाळून तोंड मुडपायचे आणि धाग्याने बांधायचे. मजुरी हजार विड्यांवर. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा अनेक घरे गाव सोडून गेली नाहीत, त्याचे एक कारण बाईच्या मांडीवरचे ते सूप होते, असे मला वाटते. पुरुषाचे काम गेले तरी घराला काहीतरी आधार उरला, आणि म्हणून पूर्ण कुटुंब न हलता पुढच्या पिढीतील तरुण तेवढे हलले.

इथे एक सावधगिरी हवी. सोलापुरात मराठीखेरीज कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलली जाते, म्हणून यातील प्रत्येक भाषा बाहेरून आली असे मानणे चूक आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कन्नड बोलणारे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत सीमा त्यांच्याजवळून गेली. ते कुठून आलेले नाहीत.

हंगामी स्थलांतराचा हिशेब याहून अवघड आहे. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून आधीच घेतलेली रक्कम म्हणजे ‘उचल’, आणि ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. सोलापूर हा राज्यातील सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक, त्यामुळे टोळ्या इथे येतात. आणि आपल्याच कोरडवाहू गावांतून कोयते बाहेरही जातात. आता २०११ च्या जनगणनेचे वेळापत्रक पाहा. माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. नियम असा की या सगळ्या काळात जो आपल्या नेहमीच्या घरी नव्हता, त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजायचे. म्हणजे बीडच्या एखाद्या तांड्यातील जोडपे पंढरपूरजवळच्या फडातील पाचटाच्या खोपीत सोलापूर जिल्ह्यात मोजले जायचे, आणि खोपीपर्यंत प्रगणक पोहोचला नाही तर कुठेच नाही. एप्रिलमध्ये तेच जोडपे पुन्हा बीडला. मनोऱ्यातील आकडे हे एका महिन्याचे छायाचित्र असतात, हे अशा वेळी लक्षात येते.

या उसामागचे पाणीही एका स्थलांतरातूनच आले आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि करमाळा, इंदापूर भागातील गावे पाण्याखाली गेली. तिथल्या लोकांपुढे ढकल आणि ओढ यांचा विचार करण्याचा प्रश्नच नव्हता. ते सक्तीचे विस्थापन होते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पळसदेवचे जुने मंदिर अजून उघडे पडते. धरणाने एका गावाला उठवले, दुसऱ्या गावात ऊस आणला आणि तो तोडायला तिसऱ्या जिल्ह्यातून माणसे बोलावली.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून घ्यायचे ठरले आहे, आणि मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच येईल. पूर्व भागातील एका घरात प्रगणक आला आहे असे समजा. सासूबाईंचा जन्म सोलापूरचा, त्या शहराबाहेर कधी राहिल्या नाहीत. त्यांचे आजोबा तेलंगणातून आले असले आणि त्या घरात तेलुगू बोलत असल्या तरी जनगणनेच्या लेखी त्या स्थलांतरित नाहीत. सून अक्कलकोटची, जेमतेम चाळीस किलोमीटरवरून लग्न होऊन आलेली, ती स्थलांतरित. नातू पाच वर्षांपासून पुण्यात नोकरीला आहे, तिथे खोली घेऊन राहतो. नियमाने त्याची नोंद पुण्यात व्हायला हवी. पण त्याचे नाव इथल्या रेशनकार्डावर आहे, मतदार यादीत आहे, आणि हुतात्मा एक्सप्रेसने तो गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, आणि दिवाळीला येतोच. प्रगणक पान उलटू लागला की आई म्हणणार, ‘त्याचं नाव राहिलं की हो, लिहा ना.’